आमटीच्या वाटीएवढा नेम

“घाई गोळीला असते. आपल्याला कशाला हवी?”

हे काकांचं वाक्य. दिवसातून पन्नास वेळा तरी म्हणायचे. म्हणताना डावा पंजा हवेत खाली खाली दाबायचे, तान्ह्या पोराला थोपटतात तसा. आणि म्हणून झालं की बुशशर्टाच्या खिशातून व्हर्नियर काढायचे. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात बारीक मापं घ्यायची ती दोन जबड्यांची पोलादी पट्टी. सत्तरीच्या माणसांच्या खिशात पेन असतं, चष्मा असतो, फार तर बडीशेपेची डबी असते. काकांच्या खिशात व्हर्नियर असायचा. तुम्ही मारलेल्या गोळ्यांची भोकं कागदावर एकमेकांपासून किती लांब पडलीत ते काका मोजायचे, आणि मग नुसते तुमच्याकडे बघायचे. त्या बघण्याला मी सासूबाईंपेक्षा जास्त घाबरायचे.

काका काही माझे सख्खे नव्हेत. अमेरिकेत साठीपुढचा दिसेल तो मराठी पुरुष काका असतो, हे तुम्हाला माहीतच आहे. हे काका अर्विंगमध्ये आमच्या दुकानापासून दहा मिनिटांवर एका शूटिंग रेंजवर कामाला होते. वय एकाहत्तर. भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये, सगळी नोकरी झाली. रिटायर झाल्यावर मुलामागून टेक्सासला आले. मग काकू गेल्या, मुलगा नोकरी बदलून कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेला, आणि काका एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकटे राहिले. रेंजवर भाड्यानं द्यायची पिस्तुलं साफ करायची, सांडलेली पितळी टरफलं झाडून काढायची आणि माझ्यासारख्या अडाण्यांना नेम शिकवायचा, हे त्यांचं काम. गोरा मालक त्यांना ‘अंकल’ म्हणायचा आणि त्यांच्या शब्दाबाहेर जायचा नाही.

मुलगा दर रविवारी फोन करायचा. “बाबा, एकटे काय राहता? इकडे या.”

“नातवंडं गोड आहेत रे,” काका मला सांगायचे, “पण तिथे दिवसभर मी काय करू? सोफ्यावरची उशी होऊन बसू?”

शेवटी बापलेकांत एक करार झाला. कारखान्यात मोजमापाचं प्रत्येक हत्यार वर्षातून एकदा तपासतात. बरोबर निघालं तर वर्षभर वापरायचं, नाही निघालं तर बाद. मग ते कितीही महागाचं असो, कितीही हाताला बसलेलं असो. काकांनी हाच नियम स्वतःला लावून घेतला. आपल्याकडे खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांची पूजा करतात. त्या दिवशी काका रेंजवर जायचे, आमटीची वाटी कागदावर पालथी घालून पेनानं गोल काढायचे आणि आपल्या छोट्या पिस्तुलानं एकवीस फुटांवरून दहा गोळ्या मारायचे. आधी सराव नाही, नंतर दुसरी संधी नाही. दहापैकी दहा आत. रेघेला शिवली तरी आत धरायची. पण एक जरी बाहेर गेली तर पिस्तूल बंद, शिकवणं बंद, अर्विंग बंद. दसऱ्याचं सीमोल्लंघन करून थेट सनीव्हेल. मुलगाही इंजिनिअरच, त्यानं हे मान्य केलं. दुसऱ्या कुठल्या घरात असला करार झाला असता का, सांगा.

माझं आणि बंदुकीचं काही गोत्र जुळणारं नव्हतं. मी नाशिकची. नवरा आणि मी मिळून अर्विंगला किराण्याचं दुकान चालवतो. आमच्याच ओळीतल्या एका दुकानात भर दुपारी एक माणूस पिस्तूल दाखवून गल्ला घेऊन गेला. कुणाला खरचटलंही नाही, पण आमच्या नवऱ्याचं डोकं फिरलं. मला सिटिझनशिप नुकतीच मिळालेली. त्यानं मला बंदुकीच्या दुकानात नेलं आणि तळहाताएवढं एक पिस्तूल घेऊन दिलं. मुठीला गुलाबी रंग. विकणारा म्हणाला, “बायकांसाठी एकदम परफेक्ट.” मी म्हटलं, मग लिपस्टिकही देता का सोबत?

पहिल्या दिवशी रेंजवर दहा गोळ्या मारल्या. कागदावर भोकं पडली तीन. तीही कुठे, तर डावीकडे, अगदी खाली. बाकीच्या सात कुठे गेल्या ते देवाला ठाऊक.

“जळलं मेलं हे पिस्तूल!” मी मराठीतच ओरडले.

मागून आवाज आला, “अगं, त्याला कशाला शिव्या देतेस? ते बिचारं तू सांगितलंस तिकडेच जातंय.”

वळून बघते तर हातात झाडू, कानांवर ते मोठे हेडफोन आणि खिशात पोलादी पट्टी. त्यांनी माझा कागद उतरवला, व्हर्नियर काढला, परत खिशात घातला.

“माझा व्हर्नियर दीडशे मिलिमीटरचा आहे,” ते म्हणाले. “तुझ्यासाठी शेतमोजणीची साखळी आणावी लागेल.”

मला असा राग आला म्हणून सांगू! पण हसूही फुटलं. आणि परदेशात चार वाक्यांत कुणी मराठीतून इतका नेमका पाणउतारा केला की माणूस आपलं वाटायला लागतं, हेही खरं.

मग त्यांनी पिस्तूल रिकामं करून माझ्या हातात दिलं आणि मूठ धरायला लावली. करंगळीला जागाच नव्हती. ती खाली लोंबकळत होती.

“लहान हात म्हणून लहान पिस्तूल घेतलंस ना? सगळे हीच चूक करतात. लहान पिस्तूल म्हणजे लहान मूल. अंगावर घ्यायला सोपं, सांभाळायला अवघड. नळी आखूड, म्हणून हात जरासा हलला तरी गोळी हातभर सरकते. वजन कमी, म्हणून धक्का जास्त. मोठं पिस्तूल तुझ्या चुका पोटात घालतं. हे चहाडी करतं.”

“मग बदलून घेऊ?”

“नको. चहाडखोर शिक्षक चांगला. रंगही राहू दे, रंगानं नेम बिघडत नाही.”

पुढच्या मंगळवारी त्यांनी माझी काडतुसं स्वतः भरली. मध्ये मध्ये लाल प्लॅस्टिकची खोटी काडतुसं घातली, तांदळात खडे असावेत तशी. खरं कुठलं, खोटं कुठलं, मला पत्ता नाही. दोन गोळ्या धाडधाड गेल्या. तिसऱ्या वेळी नुसतं ‘टिक’ झालं आणि माझ्या पिस्तुलाची नळी आपोआप दोन इंच खाली वाकली.

“बघ!” काका आनंदानं ओरडले. “गोळी नाही, आवाज नाही, धक्का नाही, तरी नमस्कार केलास! दुकानदारीणबाई, नमस्कार करायचा तर देवळात जाऊन करायचा.”

तेव्हापासून मी दुकानदारीणबाई झाले. माझा रोग त्यांनी एका ‘टिक’मध्ये ओळखला होता. गोळी सुटायच्या आधीच मी तिला घाबरत होते आणि धक्का बसणार म्हणून आधीच हात खाली दाबत होते. चाप ओढताना एका बोटाऐवजी अख्खी मूठ आवळत होते.

“एकाच बोटानं काम करायचं,” काका म्हणाले. “बाकीच्यांनी नुसतं धरून बसायचं. सरकारी ऑफिस बघितलं नाहीस का कधी?”

नळीच्या टोकावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघायचं, समोरच्या कागदाकडे नाही. कागद धुरकट दिसला तर दिसू दे. चाप इतका हळू ओढायचा की गोळी सुटल्यावर आपल्यालाच आश्चर्य वाटलं पाहिजे. सांगायला किती सोपं! मी ठिपका बघायचे, मध्येच गोळी कुठे लागली म्हणून डोकवायचे, की गेलीच पुढची वाया. “फोडणी टाकल्यावर दर सेकंदाला झाकण उघडून बघतेस का?” काका विचारायचे. मी खरं तर बघते. त्यांना सांगितलं नाही.

घरी करायला एक अभ्यास दिला. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, पिस्तूल रिकामं आहे हे तीनदा बघायचं, नळीवर पुढे एक रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. नाणंही त्यांनीच दिलं. आठवडाभर आमच्या गॅरेजमध्ये नाणं पडल्याचा खणखणाट चालला होता. एकदा नवरा फोनवर सासूबाईंशी व्हिडिओ कॉल करत गॅरेजमध्ये आला. सासूबाईंना काय दिसलं? सून भिंतीकडे पिस्तूल रोखून, श्वास धरून उभी.

“अगं बाई! कुणावर गं?”

“कुणावर नाही, आई. नाणं पडू नये म्हणून.”

सासूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग मुलाला म्हणाल्या, “तू तिच्याशी नीट वागतोस ना रे?” त्यानंतर पंधरा दिवस नवरा न सांगता भांडी लावत होता. काकांना हे सांगितलं तर हसता हसता त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

हळूहळू भोकं जवळ यायला लागली. आधी थाळीएवढी पसरायची, मग बशीएवढी. ज्या मंगळवारी दीडशेच्या व्हर्नियरमध्ये माझ्या सगळ्या गोळ्या मावल्या, त्या दिवशी काकांनी रेंजच्या मालकाला हाक मारून बोलावलं आणि इंग्रजीत सांगितलं, “शी हॅज एन्टर्ड द इन्स्ट्रुमेंट.” मालकाला काही कळलं नाही. त्यानं तरी टाळ्या वाजवल्या.

मग आली खंडेनवमी. मी म्हटलं, आता आपणही हत्यारवाले. सकाळी पाट मांडला. दुकानाचा वजनकाटा, भाजीची सुरी, आणि मध्ये माझं रिकामं गुलाबी पिस्तूल. हळद वाहिली, ओलं कुंकू लावलं, वर मूठभर अक्षता टाकल्या, झेंडू ठेवला. फोटो काढून सासूबाईंना पाठवला. त्या खूश. आणि तशीच ते डब्यात घालून काकांची परीक्षा बघायला रेंजवर गेले.

तिथे गेल्यावर पिस्तुलाचा वरचा सरकता भाग मागे गेला तो मागेच. पुढे येईना. काकांनी ते टेबलावर उघडलं आणि चिमट्यानं आतून तांदळाचे सात दाणे काढले. तेलात कुंकू कालवून त्याचा लालभडक लगदा झाला होता.

“देवीला नैवेद्य दाखवलास ते बरं केलंस,” ते म्हणाले. “खाऊ घातलास ते चुकलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक बाजूला उभा राहून ‘राइस? राइस?’ म्हणून विचारत होता. पण काका पुसता पुसता सांगायला लागले, की नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनीही भक्तिभावानं मशीनच्या नेमक्या सरकत्या भागावर कुंकू फासलं होतं. फोरमननं दसऱ्याच्या दिवशी त्यांना घरून बोलावून ते रॉकेलनं पुसायला लावलं. “तेव्हापासून मी कुंकू डब्याला लावतो. देवाला डब्यावरूनही कळतं आत काय आहे ते.”

त्यांच्या पिस्तुलाच्या डब्यावर खरंच कुंकवाचं एक बोट होतं. त्यांनी कागद लावला, वाटी पालथी घातली, गोल काढला. वाटी पुसून परत पिशवीत ठेवली. मग उभे राहिले. एरवी तोंडाचा पट्टा चालू असायचा, पण आता एकदम गप्प. मी तेव्हा पहिल्यांदा त्यांना नीट नेम धरताना पाहिलं. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पोट थोडं सुटलेलं, बुशशर्ट बाहेर, आणि दोन्ही हात भिंतीत गाडलेल्या खुंटीसारखे घट्ट. दहा गोळ्या. मालकानं कागद ओढून आणला. दहाच्या दहा आत. मालकानं मोजायचं, काकांनी नाही, असा नियम होता. “करणारा वेगळा, तपासणारा वेगळा,” काका म्हणाले. “स्वतःचं माप स्वतः घेतलं की ते नेहमी बरोबरच येतं.”

त्यांनी मुलाला फोन लावला. “पास! पुढच्या वर्षी बोलू,” म्हणाले आणि ठेवून दिला. मग आम्ही तिघांनी माझ्या दुकानातले पेढे खाल्ले.

पुढचं वर्ष मात्र तसं गेलं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला काका दुकानात आले. मी नेहमीसारखा चहा दिला. कप बशीवर वाजायला लागला. काकांनी बशी खाली ठेवली आणि कप डाव्या हातात घेतला. उजवा हात पँटच्या खिशात घातला. त्यानंतर तो हात बऱ्याचदा खिशातच असायचा. डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव सांगितलं होतं, औषधंही होती. मी विचारलं तर म्हणाले, “काही नाही, जरा प्ले आलाय, सांधा ढिला झालाय. जुन्या मशीनला येतो.”

शिकवताना अजूनही तोच उत्साह. माझा नेम सुधारतच होता. पण स्वतः चार गोळ्या मारल्या की काका आता आपला कागद मोजत नसत. घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकत. एकदा ते पाणी प्यायला गेल्यावर मी तो कागद उचलून पाहिला. पाहिला नसता तर बरं झालं असतं.

त्या कागदाचं मी कुणाला बोलले नाही. पण मला धाकधूक लागली. खरं सांगते, मला काका हवे होते. आठवड्यातला मंगळवार हा एकच दिवस असा असायचा की ज्या दिवशी मला कुणी मोजत होतं, चुकलं तर हसत होतं आणि जमलं तर मालकाला बोलावून दाखवत होतं. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. मोठं झाल्यावर असं माणूस पुन्हा मिळत नाही.

खंडेनवमीच्या आठवडाभर आधी काका म्हणाले, “यंदा तपासणार तू.”

“मी? मालक आहे की.”

“तो खोटं बोलेल. त्याला मी हवा आहे. स्वस्तात मिळालोय त्याला.” मग हसले. “तुला खोटं बोलता येत नाही. परवा गिऱ्हाइकाला म्हणालीस, आंबे नेऊ नका, आंबट आहेत. स्वतःच्या दुकानातले!”

मला म्हणायचं होतं, काका, मलाही तुम्ही हवे आहात. पण म्हटलं नाही. म्हटलं, “बरं. वाटी मी आणते.”

आता माझं पाप ऐका. घरी मी वाट्यांचं अख्खं कपाट काढलं. आमटीच्या वाटीशेजारी खिरीची वाटी ठेवली. घाट तोच, चकाकी तीच, फक्त किंचित मोठी. नुसत्या नजरेला कळणारही नाही. मी मनाशी म्हटलं, देवाच्या दारात एवढं चालतं. आणि खिरीची वाटी पर्समध्ये टाकली.

रेंजवर काकांनी वाटी हातात घेतली. वर-खाली बघितली. आणि खिशातून व्हर्नियर काढला! अहो, वाटीचं तोंड मोजलं त्यांनी!

“ही खिरीची,” ते म्हणाले.

माझे कान लाल झाले असणार.

“आमटीची माझ्या गाडीत आहे. आणतो.” जाता जाता खांद्यावर थोपटून गेले. रागावले असते तर परवडलं असतं.

मग गोल काढला. काका उभे राहिले. उजवा हात खिशातून बाहेर आला. मूठ धरल्यावर थरथर थांबली, खरंच थांबली, आणि माझ्या जिवात जीव आला. एक. दोन. प्रत्येक गोळीनंतर हात खाली, एक लांब श्वास, परत वर. पाच. सात. नऊ. नऊही आत, मला एवढ्या लांबून दिसत होतं. दहाव्या वेळी हात वर गेला आणि काही न करता खाली आला. परत गेला, परत आला. मालकानं शेजारी गोळ्या मारणाऱ्या माणसाला हातानं थांबवलं. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि गोळी सुटली.

कागद सरकत सरकत आमच्याकडे आला. नऊ भोकं मध्यभागी, गुण्यागोविंदानं. दहावं डावीकडे, खाली. रेघेच्या अगदी शेजारी.

“क्लोज इनफ, अंकल!” मालक म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. व्हर्नियर माझ्यापुढे धरला. मी तो लावला. भोकाच्या कडेपासून रेघेपर्यंत. आधी नीट दिसेना, डोळे पुसले, परत लावला. रेघ आणि भोक यांच्या मध्ये पांढरा कागद होता. अर्धा मिलिमीटर. अर्धा! नखाएवढाही नाही. रेघेला शिवली म्हटलं असतं तर जगात कुणाचं काय बिघडणार होतं? काका पुढच्या दसऱ्यापर्यंत राहिले असते. मी मंगळवारी आले असते. तोंडात शब्द तयार होता.

आणि मला डोळ्यांपुढे खिरीची वाटी दिसली. आणि त्यांनी खांद्यावर थोपटलेलं.

“बाहेर,” मी म्हटलं.

“किती?”

“अर्धा.”

“परत मोज.”

मी परत मोजलं. “अर्धाच आहे, काका. बाहेर.” आणि मी रडायला लागले, भर रेंजवर, त्या एवढ्या पुरुषांसमोर.

“अगं, रडतेस कशाला?” काका म्हणाले. “माप बरोबर घेतलंस.” मग मालकाकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, “शी इज अ गुड इन्स्पेक्टर.” ह्या वेळी मालकानं टाळ्या वाजवल्या नाहीत. तो नाक पुसत काउंटरमागे गेला.

दुसऱ्या दिवशी दसरा. मी श्रीखंडाचा डबा घेऊन त्यांच्या अपार्टमेंटवर गेले. म्हटलं, सामान आवरायला मदत करू, बिचारे एकट्यानं काय करणार. दार उघडलं तर खोली रिकामी. भिंतीला लावून खोकी रचलेली, प्रत्येकावर काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात चिठ्ठी. भांडी. हत्यारं. काकूंचे फोटो. एका चिठ्ठीवर तारीख होती, महिन्यापूर्वीची.

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं? महिन्यापूर्वीपासून? मग मला कशाला उभं केलंत तिथे? मी रात्रभर झोपले नाही, काका! सरळ निघून गेला असतात, कुणी विचारलं असतं?”

काकांनी डबा माझ्या हातातून घेतला. डाव्या हातानं झाकण काढलं.

“अगं, संशय आला म्हणून हत्यार बाद करत नाहीत. तपासून बाद करतात.” बोट श्रीखंडात बुडवून चाटलं. “आणि नऊ आत गेल्या ना! मला वाटलं होतं, सहा जातील.”

मग दोघांनी खोक्यांवर बसून श्रीखंड संपवलं.

पिस्तूल त्यांनी मालकालाच विकून टाकलं. मुलगा घ्यायला येतो म्हणत होता, त्याला नको सांगितलं, “मी काय कुरिअर आहे?” म्हणाले. शनिवारी मीच त्यांना डॅलसच्या विमानतळावर सोडलं. गाडीत ते अखंड बोलत होते. सनीव्हेलला नातवाची सायकल आवाज करते म्हणे, बेअरिंग गेलं असणार, आधी ते बघायचं. सुनेला पोळ्यांना गोलाई जमत नाही, पण त्यात तोंड घालायचं नाही असं ठरवलं होतं. मी नुसती हूं हूं करत होते. आत सोडताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डावा.

मी सुरक्षा तपासणीच्या दोरीच्या अलीकडे थांबले. पलीकडे ते रांगेतून पुढे सरकत होते. त्यांच्या पिशवीतला चिवड्याचा डबा एका पोलिसानं उघडून पाहिला, काकांनी त्याला थोडा खायचा आग्रह केला. मग त्यांना त्या काचेच्या गोल मशीनमध्ये उभं केलं, दोन्ही हात डोक्यावर धरायला सांगितले.

काकांनी हात वर केले. डावा स्थिर होता. उजवा थरथरत होता, झाडाचं पान हलावं तसा, सगळ्या लोकांना दिसेल असा. इतके महिने त्यांनी तो कुणाला नीट बघू दिला नव्हता. आता लपवायचं काही कारणच उरलं नव्हतं. काकांनी मशीनमधून मान वळवून मला शोधलं आणि असे हसले, की जणू काही गंमतच चालली आहे.

मग मीही पर्स खाली ठेवली आणि इकडून दोन्ही हात वर केले.